विहिरीतली गार, बोटातला खडा

या पानावर आपली भेट होते ती हुमणी, बोंडअळी, नाहीतर ठिबकच्या अनुदानासाठी. आज विषय जरा वेगळा आहे, पण शेताबाहेरचा नाही. तो तुमच्या बांधावरच पडलेला आहे. नांगराला लागते, फाळ खराब करते, म्हणून जी गार तुम्ही वेचून बांधावर फेकता, त्या गारेबद्दल आज बोलायचं आहे.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, पाटोद्याकडच्या एका गावात मी विहीर पाहायला गेलो होतो. पन्नास फूट खोदून झालेलं, पाण्याचा पत्ता नाही. काळ्या पाषाणात सुरुंग लावून लावून घरधनी थकलेला. आपण त्यांना आबा म्हणू. विहिरीच्या काठावर मलब्याचा ढीग होता आणि त्यात उन्हात काहीतरी चमकत होतं. मी दोन दगड उचलले. एक नारळाएवढा, फुटलेला, आतून बर्फासारख्या टोकदार स्फटिकांनी भरलेला. दुसरा मुठीएवढा, बाहेरून कांद्यासारखा ओबडधोबड, पण फुटलेल्या बाजूला एकात एक रेघा. आबा म्हणाले, "सायेब, पाणी लागंना अन् ह्ये लागतंय. मागच्या आठवड्यात जीपवाला आला व्हता, दोन पोती घिऊन गेला. पाचशे रुपय दिले."

दोन पोत्यांचे पाचशे! बरं, आबांनी ते पाचशे कुठे घातले, तर जत्रेत एकाकडून "पाण्याचा खडा" म्हणून अंगठी घेतली. ही अंगठी घातली की विहिरीला पाणी लागेल असं त्याने सांगितलेलं. मी ती हातात घेऊन उन्हाकडे धरली. आत गोल गोल बुडबुडे होते. काच होती. म्हणजे खरा दगड विकून आबांनी काच विकत घेतली होती. त्यांना हसावं की आपण लोकांपर्यंत पोचलो नाही म्हणून स्वतःला बोल लावावा, हे मला त्या दिवशी कळलं नाही. हा लेख त्यातूनच लिहितो आहे.

हा दगड आला कुठून?

आपला मराठवाडा ज्या काळ्या पाषाणावर बसला आहे, तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरावर थर साचून तयार झाला. भाकरी तव्यावर फुगते तशी त्या लाव्हात वाफ आणि वायू अडकले आणि थंड झाल्यावर पोकळ्या राहिल्या. पुढे लाखो वर्षं खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने विरघळलेली सिलिका या पोकळ्यांत आणून भरली. जिथे ती कणाकणाने थर धरत गेली तिथे रेघारेघांचा अकीक झाला. जिथे जागा मोकळी राहिली तिथे स्फटिक वाढले. जांभळी छटा आली की त्याला ॲमेथिस्ट म्हणतात. वरचा पाषाण झिजून माती झाली, पण गार कठीण, ती झिजली नाही. म्हणून ती तुमच्या वावरात सुटी सापडते.

अकीकाच्या त्या रेघा नीट पाहा. आपण उतारावर समपातळी बांध घालतो, त्याचा नकाशा कागदावर काढला तर अगदी तसाच दिसतो. मी तर प्रशिक्षणात पोरांना समपातळी रेषा समजावताना हाच दगड दाखवतो, कागदावरच्या नकाशापेक्षा तो लवकर कळतो.

काही अकीकांत झाडासारखी, शेवाळासारखी काळी-हिरवी नक्षी असते. लोक म्हणतात आत झाड अडकलं आहे. तसं नाही. मॅंगनीज आणि लोह यांचे क्षार भेगांतून शिरून तशी फांद्याफांद्यांची आकृती धरतात. उत्तर प्रदेशात बांद्याजवळ केन नदीत असा दगड मिळतो, त्याला तिकडे शजर म्हणतात. शजर म्हणजे झाड. त्या सरकारने "एक जिल्हा एक उत्पादन" योजनेत बांद्यासाठी हाच दगड घेतला आहे. प्रत्येक दगडात वेगळं झाड, त्यामुळे एका अंगठीसारखी दुसरी होत नाही. कारागीर तिथे फक्त एवढंच करतो की झाड बरोबर मधोमध येईल असा तुकडा कापतो. बाकी चित्र निसर्गानेच काढलेलं असतं.

पैठणचा माल, रोमची बोटं

आपल्याकडे हे कधी कोणी केलंच नाही, असं मात्र समजू नका. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रावरच्या व्यापाराची वही लिहून ठेवली. तिला पेरिप्लस म्हणतात. त्यात आपली दोन गावं आहेत. एक गोदाकाठचं पैठण, म्हणजे आपल्या गेवराईचं शेजारी. दुसरं तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असं त्याने लिहिलं आहे. तगरहून कापड जात असे. आणि पैठणहून काय? ऑनिक्स दगड, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा अकीक. रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्या भरभरून भडोचला, तिथून गलबतांनी पश्चिमेला. बैलगाडीला दगड भरून वीस दिवस हाकत नेणारा तो गाडीवान कोण असेल, काय खात असेल, असं मला नेहमी वाटतं. त्याचं नाव कुठल्या वहीत नाही.

रोमन लोकांना या दगडांचं एवढं काय होतं? तर अंगठी. पण नुसती शोभेची नाही. अंगठीतल्या खड्यावर खोल चित्र कोरायचं आणि ते मेणावर किंवा चिखलमातीवर दाबून मोहोर उठवायची. आज आपण सही-अंगठा करतो, तसा तो कारभार होता. प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने नोंद केली आहे की पट्ट्यांच्या या दगडाला मेण चिकटत नाही, म्हणून मोहोरेला तो उत्तम. आणि त्या खड्यांवर कोरलेलं काय असे? देव, राजे होतेच. पण त्याबरोबर गव्हाच्या ओंब्या, दाणा ओढून नेणारी मुंगी, पोपट, द्राक्षांचे घड. शेतकऱ्याचंच सगळं. नखाएवढ्या दगडात मुंगीचे सहा पाय कोरणारा माणूस काय ताकदीचा असेल, विचार करा.

तेरला कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे. तेरच्या पांढरीच्या टेकाडांतून सापडलेल्या वस्तू तिथे आहेत, अकीकाचे मणीही आहेत. तुळजापूरला जाता-येता वाट थोडी वाकडी करून पोरांना दाखवा. पांढरीची माती खतासाठी उकरताना असे मणी आजही कुणाला मिळतात. ते खिशात घालू नका आणि विकू तर नकाच. जुनी वस्तू ही गारेसारखी नव्हे, ती कळवायची असते.

पैठणचं हे काम पुढे थांबलं, पण गुजरातेत खंबायतला ते आजही चालू आहे. भडोच जिल्ह्यात रतनपूरच्या बाजूला खाणीतून अकीक काढतात, महिना-महिना उन्हात पसरून ठेवतात आणि मग मडक्यांत घालून शेणीच्या आचेवर भाजतात. त्याने दगडातलं लोह तांबूस होतं आणि मळकट पिवळा दगड लालबुंद होतो. तोडणीही पाहण्यासारखी. जमिनीत लोखंडी अणकुचीदार खुंटी रोवायची, दगड तिला टेकवायचा आणि म्हशीच्या शिंगाची टोपी असलेल्या हातोडीने उलट्या बाजूने ठोके द्यायचे. छिलके उडत उडत मणी आकाराला येतो. शेणी आणि म्हशीचं शिंग, म्हणजे सामान आपल्याच गोठ्यातलं.

अंगठी होते कशी

आबांच्या त्या रेघांच्या दगडाची पुढे अंगठी झाली, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. तालुक्याच्या गावातले एक सोनार तरुणपणी मुंबईला खडे घासण्याच्या कारखान्यात होते. आता जोडवी, पैंजण, मंगळसूत्राची दुरुस्ती यावर चरितार्थ. मी दगड दाखवला तेव्हा त्यांनी आधी तो पाण्यात बुडवला. दगडाचा खरा रंग ओला असतानाच दिसतो. मग उन्हाकडे धरून भेग आहे का पाहिली. भेग असली की चार दिवसांची मेहनत शेवटच्या तासाला दोन तुकडे होऊन हातात येते.

पहिला प्रश्न कठीणपणाचा. दगडांची १ ते १० अशी मोजपट्टी आहे. चाकूचं पातं आणि काच साधारण साडेपाचवर, अकीक सातच्या आसपास. म्हणजे चाकूने ओरखडा उठणार नाही आणि हा दगड मात्र काचेवर रेघ ओढील. त्याला कापायला त्याच्याहून कठीण काहीतरी लागतं. पूर्वी कुरुंदाची भुकटी (कठीणपणा ९) आणि हिऱ्याची कणी (१०) तेलात कालवून फिरत्या लोखंडी टोकाला लावत, आणि ते टोक सुताराच्या दोरीच्या गिरमिटासारखं कमानीने फिरवत. आज हिऱ्याची कणी बसवलेली पाती आणि बारीक टोकं बाजारात मिळतात. दात कोरायच्या यंत्रासारखं लहान यंत्र असतं, त्याला ती बसतात.

सोनारांनी दगडाची एक चकती कापली. कुठून कापायची यावर मात्र त्यांनी जवळजवळ अर्धा दिवस घालवला. आडवी कापली तर रेघा सरळ येतात, घुमटासारखी घासली तर त्याच रेघा वाकून गोल होतात. त्यांनी कागदाला खड्याएवढं भोक पाडलं आणि ते दगडावर इकडून तिकडे सरकवत बसले. एका जागी खाली तपकिरी, वर पांढरा पट्टा आणि मध्ये करडी रेघ अशी जागा आली. "हे बघा, टेकडी अन् वर आभाळ," ते म्हणाले. आबा म्हणाले, "आभाळ हाय, पर ढग न्हाई." त्यावर सगळेच हसले.

मग चकती लाखेने काडीला चिकटवली. लाख तीच, बाभळी-बोरीवरची. काडी धरून खडा चाकावर घासायचा. आधी जाड १२० नंबरचं, मग २२०, ४००, ६००, १२००. घाई करून मधला नंबर गाळला तर आधीच्या चाकाचे ओरखडे पॉलिश झाल्यावर वर येतात. कोळपणीची एक पाळी चुकवली की तण पुढे कसं छळतं, तसंच.

आता कोरीव काम. चित्र दोन तऱ्हेने कोरतात. एक खोल, रोमन मोहोरेसारखं. दुसरं उठावाचं. पट्ट्यांच्या दगडात उठावाची मजा अशी की वरचा पांढरा थर चित्रापुरता ठेवून बाकीचा कोरून टाकला की खालचा तपकिरी थर उघडा पडतो आणि काळ्या रानात पांढरं चित्र दिसतं. सोनारांनी आबांना विचारलं, काय काढू? मोर काढू का? जवळच नायगावचं मयूर अभयारण्य, मोर सगळ्यांच्या ओळखीचा. आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, जोंधळ्याचं कणीस काढा.

मला याचं नवल वाटलं नाही. आपल्या जुन्या दागिन्यांची नावं आठवून पाहा. बोरमाळ, जोंधळी पोत, बकुळीहार, पायातल्या मासोळ्या. कोल्हापुरी साजात तर कमळ, मासा, कारलं, भुंगा सगळे हजर. निसर्गावरून दागिना घडवायचा ही काही शहरातल्या दुकानांनी काढलेली नवी टूम नाही, आपल्या आज्यांच्या गळ्यात ती होती. मात्र ते सगळं सोन्या-चांदीतलं. दगड कोरायचं कसब आपल्या बाजूला राहिलं नाही, आणि वाईट वाटतं ते त्याचं. कारण सोनं बाहेरून आणावं लागतं, दगड वावरातच आहे.

कणसाचे दाणे कोरायला सोनारांना दोन दिवस लागले. दाणा म्हणजे नुसता ठिपका नव्हे. टोकाने त्याच्याभोवती गोल खोबण घ्यायची, मग कडा मोडायच्या, तेव्हा दाणा फुगीर दिसतो. मालदांडीचा दाणा टपोरा आणि मोत्यासारखा, हे सोनारांना सांगावं लागलं नाही, त्यांच्या घरी तीच भाकरी. शेवटी चामड्याच्या चाकावर सीरियम ऑक्साइडची भुकटी लावून पॉलिश केलं आणि चांदीच्या पट्टीचं कोंदण करून खडा बसवला.

बोटाचं माप घेताना एक गंमत झाली. शेतात राबणाऱ्या माणसाची पेरं बोटापेक्षा जाड. दोऱ्याने बोटाच्या मुळाशी माप घेतलं तर अंगठी पेरावरून आत जात नाही. माप पेरावर घ्यावं, तेही दुपारी, कारण सकाळच्या थंडीत बोट आक्रसलेलं असतं. आणि कोंदण बुटकं ठेवावं. उंच खडा दोरीत, दाव्यात, पोत्यात अडकतो.

इथे माझ्यातला कृषी खात्याचा माणूस बोलल्याशिवाय राहत नाही. कडबाकुट्टी, मळणी यंत्र, विहिरीवरची मोटर, यांच्याजवळ जाताना कोणतीही अंगठी काढून ठेवा. अंगठी अडकली की यंत्र बोट सोडत नाही. फवारणीच्या वेळीही काढा, औषध अंगठीखाली साचून कातडी जळते.

धूळ

आता ज्यासाठी हा लेख वाचून कुणी उद्याच ग्राइंडर आणेल, त्याच्यासाठी. अकीक घासताना उडणारी पांढरी धूळ म्हणजे शुद्ध सिलिका. ती श्वासातून फुफ्फुसात जाऊन बसते आणि परत निघत नाही. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. धाप लागते, क्षयाची लागण लवकर होते, आणि फुफ्फुस पूर्ववत करील असं औषध अजून नाही. खंबायतच्या अकीक कारागिरांची घरंच्या घरं या रोगाने उद्ध्वस्त झाली आहेत, कारण तिथे घासण्याचं काम घरातच, पोराबाळांच्या शेजारी चालायचं. म्हणून कोरडा दगड कधीही घासू नका. चाकावर आणि टोकावर पाण्याची धार सतत हवी. तोंडाला बांधलेल्या उपरण्याने ही धूळ अडत नाही, बारीक कण अडवणारा चांगला मास्कच लागतो. साचलेला गाळ वाळू देऊन झाडू नका, ओलाच उचला. आमचे सोनार काम करतात ते बादलीतून नळी सोडून, अंगणात. कपडे भिजतात, पण त्याला इलाज नाही.

दगड ओळखा, मग विका

विहिरीत निघणारी प्रत्येक चमकदार वस्तू अंगठीची नसते. चाकूने ओरखडा उठला तर तो अकीक किंवा गारगोटी नाही. सौम्य आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसला तर कॅल्साइट. हिरवट किंवा पांढरे काचेसारखे चौकोनी स्फटिक आणि गुलाबी-पिवळसर पानापानांचे झुबके निघतात, ते अपोफिलाइट, स्टिल्बाइट या जातीचे. अंगठीत चार दिवसांत झिजतील इतके मऊ. पण जगभरचे संग्राहक त्यांच्या मागे असतात, फक्त घड न फुटलेला हवा. आबांच्या पोत्यांत काय होतं कोण जाणे. टिकावाने फोडून पोत्यात कोंबलं की त्याची खडी होते. असा घड निघाला तर भोवतालच्या दगडासकट काढा, भुशात ठेवा आणि भाव ठरवण्याआधी चार ठिकाणी दाखवा. शिर्डीहून नाशिकला जाताना सिन्नरला "गारगोटी" नावाचं खनिज संग्रहालय लागतं. तिथे महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणातून निघालेले नमुने पाहिले की आपल्या विहिरीकडे बघायची नजर बदलते.

कायद्याचीही एक बाब आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने अकीक, जास्पर, क्वार्ट्झ, कॅल्साइट यांच्यासह ३१ खनिजं गौण खनिजांत घातली. म्हणजे मुरूम-वाळूप्रमाणे अकीक, जास्पर, कॅल्साइट यांचे नियम राज्य सरकार करतं; क्वार्ट्झ मात्र २०२५ पर्यंतच गौण खनिजांत होतं. ट्रॅक्टर भरून विकायची पाळी आली तर आधी तहसीलमध्ये परवाना आणि स्वामित्वधनाची चौकशी करा. जीपवाला ही गोष्ट तुम्हाला सांगणार नाही.

घेणाऱ्यांनीही सावध असावं. बाजारातला बहुतेक काळा ऑनिक्स साखरेच्या पाण्यात मुरवून मग गंधकाम्लात टाकून काळा केलेला असतो. रंगवलेला म्हणून तो खोटा नाही, पण नैसर्गिक म्हणून जादा पैसे देऊ नका. राशीच्या खड्यांबद्दल माझं मत विचाराल तर, श्रद्धा ज्याची त्याची, पण खड्याने कर्ज फिटलेलं मी पाहिलं नाही. खडे विकणाऱ्याचं मात्र फिटतं.

ज्या सोनार-पाथरवट बांधवांना हे काम हाती घ्यायचं असेल, त्यांनी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. तिच्या १८ व्यवसायांत सोनार आणि मूर्तिकार-पाथरवट दोन्ही आहेत. प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाख असं कर्ज त्यात आहे. खडे कापण्याचं रीतसर शिक्षण जयपूर आणि मुंबईच्या रत्न-आभूषण संस्थांत मिळतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या एखाद्या पोराचा हात चित्रकलेत चांगला असेल तर त्याच्या शिक्षकांनी हे लक्षात ठेवावं. आपलं सीताफळ भौगोलिक मानांकन घेऊन बाहेर गेलं. त्याच सीताफळाच्या खवल्यांची नक्षी आपल्याच दगडात कोरून का जाऊ नये? हे माझं स्वप्नरंजन असेल, पण पैठणहून गाड्या गेल्या ते काही स्वप्न नव्हतं.

आबांची अंगठी दिवाळीला तयार झाली. त्यांनी ती स्वतः घातली नाही. लेक सासरी निघाली तेव्हा तिच्या बोटात घातली, म्हणाले, "पाणी न्हाई निघालं, पर इहिरीतलं काहीतरी तुला दिलं." विहीर अजून कोरडीच आहे. पुढच्या उन्हाळ्यात ती खोल करायची का बाजूला शेततळं घ्यायचं यावर आमचा वाद चालू आहे. मी शेततळ्याच्या बाजूचा. उरलेले दगड आबांनी कांद्याच्या चाळीत डब्यात घालून ठेवले आहेत आणि जीपवाला परत आला तेव्हा त्याला आधी चहा पाजून मग भाव विचारला. तो चहा पिऊन निघून गेला.